आलोच आहोत तर

चादर बाजूला झाली आणि तो चेहरा ढम्याचा नव्हता. पाणीवाल्याने पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "नाही. हा आमचा नाही." शवागारातला माणूस चादरीचं टोक दोन बोटांत धरून तसाच उभा राहिला. त्याला घाई नव्हती. "सावकाश बघा," तो म्हणाला, "पुष्कळांना पहिल्यांदा ओळखू येत नाही." पाणीवाल्याने सावकाश पाहिलं. वय तेच. उंची साधारण तीच, केस तसेच मागे वळवलेले. पण भुवया नाकाच्या वर एकमेकींना भिडलेल्या होत्या, कान जरा पुढे आलेले होते आणि हनुवटी चांगली रुंद होती. ढम्याची हनुवटी त्याच्या आईची, निमुळती. कपाळाच्या एका बाजूला निळसर डाग होता, बाकी चेहऱ्यावर काही नव्हतं. झोपेत कुणी काही विचारलं आणि उत्तर द्यायचा कंटाळा आला, असा तो चेहरा होता. "नाही," पाणीवाला म्हणाला, आणि मग त्याने त्या माणसाला "थँक्यू" म्हटलं. हा शब्द तो कधी वापरत नसे. कुठून आला कोण जाणे. पुढे दिवसभर तो त्याला दातात अडकलेल्या कुसळासारखा टोचत राहिला.

बाहेर हवालदाराने सही घेतली आणि म्हणाला, "चला, तुमचं सुटलं. तुमच्या मुलाची तक्रार आहेच आपल्याकडे, काही कळलं तर फोन करू. याच्यासाठी आणखी एका गावीही फोन केलाय. ते लोक उद्या सकाळी येतायत." तो हे सरळ मनाने म्हणाला, पण 'सुटलं' म्हणजे काय सुटलं हे पाणीवाल्याला कळेना. लांबलचक बोळातून तो बायकोकडे निघाला तेव्हा त्याचे पाय स्वतःहून भरभर पडत होते, आणि छातीत काहीतरी वर येत होतं, कोंडलेल्या नळातून पाण्याआधी हवा येते तसं. त्याला वाटलं, आता आपण रडणार. मग लक्षात आलं की ते रडू नव्हतं. आनंद होता. धडधडीत आनंद. त्याने भिंतीला हात टेकला आणि तो ओसरायची वाट पाहिली, कारण असा चेहरा घेऊन बायकोसमोर जाणं त्याला बरं वाटेना.

गावात त्याला सगळे पाणीवालाच म्हणत. नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. कोणत्या आळीला कधी पाणी, हे त्याच्या खांद्यावरच्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं, आणि म्हणून अर्धं गाव त्याला शिव्या द्यायचं आणि उरलेलं अर्धं चहा पाजायचं. ढम्या लहान असताना त्याच्याबरोबर यायचा. टाकीजवळच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकावर बसायचा आणि पाणीवाला चाक फिरवायचा, पोरासकट. अंगाने गुटगुटीत म्हणून ढम्या. पुढे उंच झाला, बारीक झाला, नाव तेच राहिलं. मग तो या शहरात आला, मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायला लागला. दर रविवारी फोन करायचा. आणि एका रविवारी फोन आला नाही. मग लागेनासाच झाला. खोलीतले सोबती म्हणाले, बॅग घेऊन गेला, दुसरं चांगलं काम लागलं म्हणाला. कुठं, ते सांगितलं नाही. भांडण नाही, रुसवा नाही, कर्ज नाही, पोरगी नाही. काहीच नाही, म्हणून तर विचाराला धरायला जागा नव्हती. भिंत गुळगुळीत होती.

बायको बाकावर बसली होती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून. तिला आत यायचं होतं. त्यानेच येऊ दिलं नव्हतं. त्याला पाहून ती उठली नाही.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे आपला नाही."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू तो परक्या भाषेत बोलला होता. मग तिला उचक्या लागल्या. एकामागून एक. पिशवीतली पाण्याची बाटली काढायची तिला सुचेना. त्यानेच काढून दिली. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. "कोण होता मग?" तिने विचारलं, आणि त्याने विचार न करता सांगून टाकलं, "कुणीतरी मोठा माणूस. पन्नाशीचा असेल." "मग आपल्याला कशाला बोलावलं मेल्यांनी?" "झाली असेल गल्लत." तिने पुढे काही विचारलं नाही. पन्नाशीच्या माणसाची आणि विशीतल्या पोराची गल्लत कशी होते, हे कुणीही विचारलं असतं. तिने विचारलं नाही. बाटलीचं झाकण मात्र फार वेळ लावत बसली.

फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथं उभ्याउभ्या त्यांनी चहा घेतला आणि पाव मागितला. तिने एक पाव खाल्ला, मग दुसरा, मग त्याच्या हातातला अर्धा घेतला. किती दिवस झाले, घरात जेवायला बसायचं म्हणजे ताटाभोवती बोटं फिरवायची. आता ती घास चहात बुडवून लगालगा खात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते ती पुसतही नव्हती, कारण हात मोकळा नव्हता. तिच्याकडे बघता बघता त्यालाही भूक लागली. एवढी भूक की पोटात कळ आली. मागे वळून पाहिलं असतं तर शवागाराची खिडकी दिसली असती. त्याने पाहिलं नाही.

परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती. हवालदाराने समोरच्या गल्लीतला लॉज सांगितला होता. दवाखान्यात येणारे गरजू तिथंच उतरायचे, एका मोठ्या खोलीत ओळीने खाटा. पिशवी ठेवायला तिथं गेले तेव्हा कुणीतरी छताकडे बघत पडलं होतं, कुणीतरी पाठमोरं रडत होतं. बायको खाटेच्या कडेवर टेकली आणि लगेच उठली. "मी नाही इथं दिवसभर बसायची," ती म्हणाली. "आलोच आहोत तर शहर बघू." त्याला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय हिच्या. पण ती पदर नीट करत होती, आरशाच्या तुकड्यात बघून केस सारखे करत होती. "तुम्हीच म्हणाला होतात, लग्न झाल्यावर दाखवीन म्हणून." "अगं, खिशात काय आहे आपल्या?" "खिशात हात न घालता बघता येतं. ढम्या नाही का सांगायचा?"

ढम्या सांगायचा. रविवारच्या फोनवर आईला तो हेच सांगायचा. आई, इथं एक सहा मजली दुकान आहे, सरकता जिना आहे, आत थंडगार, कुणी हाकलत नाही, नुसतं चेहऱ्यावर घ्यायचं आहे असं दाखवायचं. आई, गोल फिरणारी बस आहे, एक तिकीट काढायचं, वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायची, सगळं शहर पायाखालून जातं. आई, बागेत कारंजं आहे. आई, पुलावर संध्याकाळी असा वारा सुटतो. तुम्ही दोघं या एकदा, एक पैसा न खर्चता राजासारखं फिरवतो. ती फोन कानाला लावून हसायची आणि म्हणायची, बाबांना सुट्टी कुठं, गाव तहानेनं मरेल. आणि त्याला ते खरंच वाटायचं. आपण एक दिवस चावी खाली ठेवली तर गाव तहानेनं मरेल. आता पोराच्या शोधापायी चार दिवस झाले, चावी दुसऱ्याच्या खांद्यावर होती आणि गावात कुणीही तहानेनं मेलं नव्हतं.

सहा मजली दुकान विचारत विचारत सापडलं. दारातून आत पाऊल टाकलं आणि थंड हवा अंगावर आली तेव्हा त्याच्या पाठीवर काटा उभा राहिला. सकाळची ती दुसरी थंडी अजून कातडीत होती. बायकोला काही झालं नाही. ती सरकत्या जिन्यापाशी थांबली, एक पाय पुढे केला, मागे घेतला, "अहो, धरा ना," म्हणाली आणि त्याच्या दंडाला गच्च धरून वर चढली. वर जाताना ती लहान पोरीसारखी खाली बघत होती. वर पोचल्यावर म्हणाली, "पुन्हा." ते पुन्हा खाली आले आणि पुन्हा वर गेले. अत्तराच्या काउंटरवरची मुलगी हसली. "काकू, हात द्या." "नको गं, आम्हाला घ्यायचं नाही काही." "नका घेऊ. हात तर द्या." तिने मनगटावर फवारा मारला, बायकोने मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. तिचा चेहरा त्या क्षणी इतका निवांत झाला की पाणीवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. आपण हिला खोटं सांगितलंय. एका खोट्या शब्दावर ही बाई इथं उभी राहून सुगंध घेते आहे. पण लगेच दुसरं मन म्हणालं, खोटं काय त्यात? आपला नव्हता, हे खरं. वयाचं काय घेऊन बसलास? आणि त्या दुसऱ्या मनाचा आवाज इतका गोड होता, समजूतदार होता की तो दचकला.

बागेतल्या कारंज्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. पाणी उंच जायचं, वर गेल्यावर क्षणभर काही न करता थांबायचं आणि खाली कोसळायचं, पुन्हा तेच पाणी, पुन्हा वर. "काय हो एवढं बघताय?" "दाब बघतोय," तो म्हणाला. "एवढ्या दाबात आपली वरची आळी दुसऱ्या मजल्यापर्यंत भिजली असती." "इथंही पाणीच!" ती म्हणाली आणि हसली. खरोखरची हसली, खांदे हलवून. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. त्याला काय दिसलं असेल? दोन गावाकडची माणसं, जरा जुने पण धुतलेले कपडे, शहर बघायला आलेली, सुखी. पाणीवाल्याने तुषारांत हात धरला. पाणी कोमट होतं. त्याला वाटलं, असंच असावं. त्या म्हाताऱ्याला दिसतंय तेच खरं असावं आणि बाकीचं सगळं आपण कुठंतरी ऐकलेलं, दुसऱ्या कुणाचं असावं.

मग बस. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी मिळाली. ढम्या म्हणाला होता तसंच शहर पायाखालून जाऊ लागलं: पाट्या, झाडांचे शेंडे, दुकानांच्या छपरांवर पडलेल्या चपला, वाळत घातलेले कपडे, एका खिडकीत दात घासणारा माणूस. पाणीवाला इमारतींचे मजले बघत होता, एवढ्या वर पाणी कसं चढवत असतील याचा मनात हिशेब लावत होता, आणि त्यात त्याला बरं वाटत होतं. थोड्या वेळाने त्याने "ती बघ, काय टोलेजंग" म्हणून बोट दाखवलं, पण बायकोने मान वर केली नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती इमारती बघतच नव्हती. ती खाली बघत होती. रस्त्याच्या कडेने चालणारी, थांब्यावर उभी असलेली, गाड्यांवरून जाणारी पोरं ती एकेक करून बघत होती. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तांदूळ निवडताना फिरतात तसे. दुकानातही ती अशीच बघत असली पाहिजे. पुन्हा वर, पुन्हा खाली. बागेतही. सकाळपासून ती शहर बघते आहे असं तो समजत होता.

सिग्नलला बस थांबली. खाली एका मोटारसायकलवर पाठीला चौकोनी पिशवी लावलेला मुलगा उभा होता, हेल्मेट घातलेला. बायको ताडकन उठली. "ढम्या!" तिने काचेवर हात आपटला. "ए ढम्या! अरे वर बघ!" बसमधली माणसं बघू लागली. काच जाड होती, आवाज खाली जात नव्हता. ती दोन्ही हातांनी काच बडवू लागली आणि पाणीवालाही उठला, तोही बडवू लागला, कारण ते खांदे, ते एका बाजूला कलून बसणं — देवा, तोच. खालच्या मुलाने कशामुळे कोण जाणे वर पाहिलं. हेल्मेटची काच वर सरकवली. गोरा, दाढीवाला, कुणीतरी तिशीतला. त्याने दोघांकडे पाहिलं, कुणी ओळखीचं वाटतं का म्हणून क्षणभर थांबला, आणि सिग्नल सुटला.

"नाही," बायको खाली बसत म्हणाली. "आपला नाही."

तिने ते अगदी त्याच्यासारखं म्हटलं. सकाळी तो जसं म्हणाला होता तसं.  पण बस चालूच होती, तिकीट शेवटपर्यंतचं होतं, आणि त्यांच्या नकळत आता दोघांचीही नजर खालीच लागली होती. तो डावी बाजू बघत होता, ती उजवी. कुणी काही ठरवलं नाही. फेरी पुरी झाली तेव्हा कंडक्टर वर आला. "उतरायचं नाही का?" बायको म्हणाली, "आणखी एक फेरी." त्याने खिशात हात घातला.

पुलावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वारा खरंच सुटला होता. खाली रुंद, काळसर पाणी संथ वाहत होतं, आणि कठड्याला टेकून माणसं उभी होती, कुणी फोटो काढत, कुणी काही खात. बायकोने केस मानेवरून बाजूला केले आणि वारा गळ्यावर घेतला. तिच्या मनगटाचा वास त्याच्याकडे यायचा, आणि मध्येच त्याच्याच सदऱ्याच्या बाहीतून सकाळचा औषधाचा वास. दोन्ही आलटून पालटून.

"आज मला बरं वाटलं हो," ती म्हणाली. "मधूनमधून. खूप दिवसांनी. चालतं ना असं?"

"न चालायला काय झालं."

"तो सकाळचा माणूस. त्याचंही कुणी असेल ना?"

"असेल."

"बायको असेल. पोरं असतील. त्यांना आता कळवतील." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "आणि आपण त्याच्यापासून उठून दुकानात गेलो."

आता सांगावं, असं त्याला वाटलं. जीभ उचललीही होती. पण ते सांगायचं तर दुसरंही सांगावं लागलं असतं, आणि ते त्याने अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. म्हणजे हे की, चादर सरकण्याच्या आधी, त्या एका श्वासात, त्याच्या मनाने म्हटलं होतं: असू दे. असू दे ढम्या, पण हे संपू दे. फोनकडे बघत बसणं, दारात चप्पल वाजली की उठणं, बायकोचं ते ताटाभोवती बोट फिरवणं, सगळं संपू दे. एवढं एकदा म्हणून झालं आणि मग चादर सरकली आणि चेहरा ढम्याचा नव्हता आणि तो आनंदाने वेडा झाला. दोन्ही त्याचंच. आता पुन्हा फोन येईल. दुसरं शहर असेल, दुसरं शवागार असेल, आणि तो पुन्हा दारात उभा राहून म्हणेल, दुसऱ्याचा असू दे. दुसऱ्या कुणाचा तरी असू दे. उरलेलं आयुष्य आता हेच मागायचं. माणसाने देवाकडे दुसऱ्याचं पोर मागायचं. त्याने कठडा धरला. लोखंड गार होतं. पाणी खालून जातच होतं, कुणी सोडलेलं नाही, कुणी बंद करणारं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाहत्या पाण्याची भीती वाटली.

"चला," बायको म्हणाली. "गार वाटतंय."

सकाळी लॉजच्या मागच्या मोरीत तोंड धुवायला गेला तर एक माणूस नळाशी झटापट करत होता. नळ खाकरत होता, पाणी येत नव्हतं. पाणीवाल्याने त्याला बाजूला केलं, नळ पूर्ण सोडला, तोंडावर तळहात गच्च दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला. हवा निघाली आणि धार लागली. "वा!" तो माणूस म्हणाला. "माहितगार दिसता." "हेच काम आहे आमचं." "आमचं सायकलचं दुकान. पंक्चर, रिपेरिंग." त्याने चेहऱ्यावर पाण्याचे हबके मारले. पहाटेच्या गाडीने आलो म्हणाला, बायको बरोबर आहे. "आमच्या पोराचा पत्ता नाही थोडे दिवस. पोलिसांचं काय, कुणीही सापडलं की बोलावतात. इथल्या हवालदाराचा फोन आला, येऊन बघून जा. कचेरी उघडली की जायचं. हिला सांगितलंय, उगीच जीव टांगणीला लावू नको, आपला नसणार. आपला कसा असेल? आपला तर रस्ता ओलांडतानासुद्धा दहा वेळा बघणारा." तोंड पुसून त्याने पंचा खांद्यावर टाकला आणि चेहरा वर केला. भुवया नाकावर एकमेकींना भिडलेल्या होत्या.

पाणीवाल्याने नळ बंद केला. तो बंद झाला होता तरी आणखी आवळला.

"तुम्ही कालपासून आहात म्हणे," सायकलवाला म्हणाला. "हे एकदा उरकलं ना, की दिवस मोकळाच आहे. रात्रीची गाडी. हिला शहर दाखवीन म्हणतो. कधी आलोच नाही हो आम्ही. पण आपल्यासारख्याला परवडेल असं काही आहे का?"

आणि पाणीवाला सांगू लागला. आपण हे का करतोय ते त्याला कळत नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. सहा मजली दुकान आहे, त्याने सांगितलं, सरकता जिना आहे, वहिनींना हात धरून चढवा, पहिल्यांदा भीती वाटते. खालच्या मजल्यावर अत्तराची मुलगी आहे, चांगली आहे, न घेताही लावते. मग बाग. कारंजं दुपारी बघा, उन्हात पाणी छान दिसतं. गोल फिरणारी बस आहे, वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडा. संध्याकाळी पुलावर जा, वारा असतो. सायकलवाला मन लावून ऐकत होता, मान हलवत होता, "दुकान, बाग, बस," असं पुटपुटत बोटांवर मोजत होता. "बसायला जागा आहे का पुलावर? हिचे गुडघे दुखतात." "आहे," पाणीवाला म्हणाला. "कठड्याला लागून कट्टा आहे." त्याचा आवाज फाटला. सायकलवाल्याने चमकून पाहिलं, पण तेवढ्यात मागून दोन्ही बायका आल्या. पाणीवाल्याची बायको सायकलवाल्याच्या बायकोला मोरी दाखवायला घेऊन आली होती.

"अहो, ह्यांनाही त्याच हवालदाराने बोलावलंय," बायको म्हणाली. ती अजून बोलण्याच्या भरात होती. "ह्यांचा मुलगा ढम्याच्याच वयाचा. तोच फोन, तोच दवाखाना. काल आपल्याला जसं..." ती थांबली. तिने सायकलवाल्याकडे पाहिलं नाही, त्या बाईकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथंच राहिली. काल दिवसभर तिने ज्याला हात लावला नव्हता ते तिने आता उचललं आणि पुरतं पाहिलं. पाणीवाल्याने मान खाली घातली.

"ताई," ती त्या बाईला म्हणाली, आवाज अगदी नेहमीचा, "तुम्ही तोंड धुऊन घ्या. चहा घेऊ आणि आपण चौघं जाऊ."

"तुमची तर बस आहे ना आता?"

"जाऊ दे बस," बायको म्हणाली.

दवाखान्याच्या बोळातून जाताना ती त्याच्या बाजूने चालली आणि दबक्या आवाजात एवढंच बोलली, "तुम्ही आत जा त्यांच्याबरोबर. एकट्याला नका सोडू." रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. दोघी बाकावर बसल्या. सायकलवाल्याला पाणीवाला बरोबर येतोय याचं नवल वाटलं, पण बरंही वाटलं असावं. दाराशी पोचल्यावर त्याने पाणीवाल्याचं मनगट धरलं आणि मग सोडलंच नाही.

शवागारातल्या माणसाने पाणीवाल्याला ओळखलं.  चादर सरकली.

सायकलवाल्याने पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "हा आमचा नाही."

 कुठंतरी यंत्राची घरघर चालू होती. सायकलवाल्याने पाणीवाल्याचं मनगट सोडलं, एक पाऊल पुढे गेला आणि मुलाच्या कपाळावरचे केस दोन बोटांनी मागे सारले. ग्रीस बसून काळी झालेली बोटं. केस पुन्हा पुढे आले, त्याने पुन्हा मागे सारले. "झोपेत घाम येतो याला," तो म्हणाला, कुणाला तरी समजावून सांगत असल्यासारखा. "लहानपणापासून येतो." मग चादर त्या माणसाच्या हातातून घेऊन त्याने मुलाच्या गळ्यापर्यंत नीट ओढली, कडेने खोचली. चेहरा झाकला नाही. पाणीवाला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. पाठ दगडासारखी झाली होती.

सायकलवाल्याने मागे न बघता विचारलं, "भाऊ, काल तुम्ही बाहेर गेलात, तेव्हा वहिनींना काय सांगितलंत?"

पाणीवाल्याने त्याच्या पाठीवरचा हात खांद्यावर नेला.

"मला येत नाहीत शब्द," सायकलवाला म्हणाला. "तुम्ही जरा पुढे जाता का?"

पाणीवाला बाहेर आला. बोळ कालच्यापेक्षा लांब वाटला. बाकावरून दोघींनी त्याला येताना पाहिलं. त्याच्या बायकोने नजर वळवली नाही. तिचा हात त्या बाईच्या पाठीवर होता आणि तो तिथंच राहिला. ती बाई मात्र पुढे वाकली, त्याच्या मागे नवरा दिसतो का बघू लागली, मग त्याच्या चेहऱ्यात शोधू लागली, आणि तिथं तिला काय सापडलं कोण जाणे, ती एकदम हसली. "नाही ना?" ती म्हणाली. "मी म्हणतच होते. आमचा नसणारच." ती पिशवी सावरून उठली, पदर खोचला. "हे कुठं राहिले? पुन्हा कागदपत्रं का?"

दार बंद होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता.

पाणीवाल्याने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बाकावर ठेवली.

"बसा, ताई," तो म्हणाला. "जरा बसा माझ्याजवळ."